जसे पान, तशी लेखणी

प्रस्तावना

लिहिणे म्हटले की अक्षर, शुद्धलेखन आणि मजकूर यांचा विचार केला जातो. हातातील लेखणीचा विचार सहसा कोणी करत नाही. टॅबलेट नावाचे सपाट यंत्र घरोघरी येऊ लागल्यापासून मात्र हा विचार पुन्हा करावा लागत आहे. टॅबलेटच्या काचेवर लिहिण्यासाठी व चित्र काढण्यासाठी जी लेखणी वापरतात तिला स्टायलस म्हणतात. दुकानात तिचे अनेक प्रकार मांडलेले असतात. दिसायला ते सारखेच असतात, किमतींत मात्र मोठी तफावत असते, आणि चुकीची लेखणी घरी आणली तर काचेवर एक रेघही उमटत नाही. कष्टाचे पैसे खर्च करण्यापूर्वी ही निवड कशी करावी, हे प्रस्तुत पाठात तमिळनाडूतील कुंभकोणम या गावाच्या आधारे समजून घ्यायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला लेखणी आणि लेखनाचा पृष्ठभाग यांतील संबंध स्पष्ट करता येईल. ताडपत्र, पाटी व कापड यांवरील लेखनाच्या रीती सांगता येतील. तसेच स्वतःच्या कामासाठी स्टायलस निवडताना कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवता येईल.

मूळ पाठ

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील प्राचीन गाव. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध ते वसले आहे. तंजावर शहर तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसले घराण्याचे राज्य होते आणि मराठीला दरबारात मानाचे स्थान होते. दरबारचे कारकून कागदावर बोरूने मोडी लिहीत. त्याच मुलखातील तमिळ पंडित ताडपत्रावर लोखंडी लेखणीने तमिळ अक्षरे कोरीत. कागदावरचे आणि ताडपत्रावरचे असे दोन्ही लेखन तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेले आहे. एकाच काळी, एकाच राज्यात अशा दोन निराळ्या लेखण्या का वापरल्या जात होत्या? त्याचे उत्तर लिहिणाऱ्यांच्या आवडीनिवडीत शोधण्याचे कारण नाही. ते पानातच आहे.

कागद शाई शोषून घेतो. त्यावर बोरू चालतो. बोरू म्हणजे एका जातीच्या बारीक वेताची काडी. तिचे टोक चाकूने तिरपे कापायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शाईत बुडवून लिहायचे. तिरप्या कापामुळे एका दिशेला रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेला बारीक. देवनागरी अक्षराचे सौंदर्य पुष्कळसे या जाडबारीकपणात आहे. मोडी लिहिणारा तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडीत जाई. झपाट्याने हिशेब आणि पत्रे लिहिण्यासाठी ही लिपी सोयीची होती.

ताडपत्रावर हा झपाटा चालत नाही. ताडाची पाने वाळवून, संस्कार करून, कापून एका मापाची केली म्हणजे पान गुळगुळीत व चिवट होते. उत्तर भारतात अशा पानांवर शाईनेही लिहीत असत. दक्षिणेत मात्र कोरण्याची रीत रूढ झाली. कोरणीच्या या लोखंडी लेखणीला तमिळमध्ये एळुत्ताणी म्हणतात. ‘एळुत्तु’ म्हणजे अक्षर आणि ‘आणी’ म्हणजे खिळा. लिहिणारा पान डाव्या हातात धरतो, उजव्या हातातील लेखणीला डाव्या अंगठ्याचा आधार देतो आणि लेखणी पुढे नेण्याऐवजी पानच हळूहळू डावीकडे सरकवतो. कोरून झाले तरी अक्षर नीट दिसत नाही. नंतर पानावर काजळी आणि तेल चोळायचे, वरचेवर पुसून काढायचे. म्हणजे कोरलेल्या खाचांत काळा रंग राहतो आणि अक्षरे उमटतात. म्हणजे येथे लेखणी खाच पाडते आणि शाई मागाहून येते. बोरूच्या अगदी उलटा क्रम!

पानाच्या शिरा आडव्या जातात. त्यांच्या दिशेने लांब सरळ रेघ जोराने ओढली तर पान चिरण्याचा धोका असतो. देवनागरीची शिरोरेघ अशा पानावर कोरणे किती अवघड झाले असते, याची यावरून कल्पना येईल. दक्षिणेकडील लिप्या गोलाकार का झाल्या, याचे कारणही पुष्कळ अभ्यासक ताडपत्रातच शोधतात. ही उपपत्ती ओडिया किंवा सिंहली लिपीला जितकी पटते तितकी तमिळला पटत नाही, कारण तमिळमध्ये सरळ रेघा भरपूर आहेत. पण टिंबाबाबत ती पटण्यासारखी आहे. तमिळमध्ये स्वररहित व्यंजन दाखवण्यासाठी अक्षरावर टिंब देतात. ताडपत्रावर हे टिंब बहुधा गाळलेलेच आढळते. टोकदार लेखणीने टिंब देताना पानाला छिद्र पडण्याची भीती, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

या गाळलेल्या टिंबांनी कुंभकोणमातील एका शिक्षकाची कसोटी पाहिली. त्यांचे नाव उ. वे. स्वामिनाथ अय्यर. तंजावरचा अखेरचा मराठी राजा दुसरा शिवाजी ज्या वर्षी निवर्तला, त्याच १८५५ साली अय्यर यांचा जन्म झाला. १८८० मध्ये ते कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले. त्याच वर्षी गावात बदलून आलेले मुन्सफ रामस्वामी मुदलियार यांच्याशी त्यांची भेट झाली. कोणकोणते ग्रंथ वाचले आहेत, असे मुदलियारांनी विचारले. अय्यर यांनी भली मोठी यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. ‘जीवक चिंतामणी’ वाचला आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. तो प्राचीन जैन महाकाव्यग्रंथ अय्यर यांनी पाहिलेलाही नव्हता. त्या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

पुढे गावोगाव, मठांतून आणि घरोघरच्या माळ्यांवरून त्यांनी ताडपत्रांच्या पोथ्या गोळा केल्या. काही पोथ्या वाळवीने खाल्ल्या होत्या, काहींचे तुकडे हातात घेताच गळून पडत. जुन्या पोथ्या घरात नकोत म्हणून आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी लोकांनी नदीला अर्पण केल्याचेही त्यांना ऐकावे लागले. ज्या पोथ्या हाती लागल्या त्या वाचणेही सोपे नव्हते. टिंब नाही, ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांत भेद नाही, आकाराची खूण आणि ‘र’ हे अक्षर सारखेच, शब्दांमध्ये जागा नाही. मोडी वाचणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण परकी वाटू नये, कारण मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. अय्यर यांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या, कुंभकोणमातील जैन गृहस्थांकडून त्यांच्या धर्मातील संज्ञा समजून घेतल्या आणि १८८७ मध्ये ‘जीवक चिंतामणी’ छापून प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘शिलप्पदिकारम्’, ‘पुरनानूरु’, ‘मणिमेखलै’ असे ग्रंथ एकामागून एक प्रकाशात आले.

अय्यर यांनी आपल्या आत्मचरित्रात एळुत्ताणीचे प्रकारही नोंदवले आहेत. एक मिटवून ठेवता येणारी, एक म्यानात घालायची लांब, आणि एक जड गोल डोक्याची. एका खिळ्यासारख्या वस्तूचे इतके प्रकार! प्रवासात बाळगायची लेखणी आणि घरी बसून लिहायची लेखणी यांत तेव्हाचे लोक फरक करीत असत, हे यावरून दिसते.

ज्या वर्षी ‘जीवक चिंतामणी’ छापला गेला त्याच १८८७ साली श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म झाला. जन्म इरोडचा, पण बालपण कुंभकोणमात गेले. टाउन हायस्कूलमधील शिक्षण संपवून १९०४ मध्ये ते त्याच शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. आदल्याच वर्षी अय्यर चेन्नईच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले होते. रामानुजन यांना शिष्यवृत्ती मिळाली होती, परंतु गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ती गेली. त्यांची लेखनसामग्री म्हणजे पाटी आणि पेन्सिल. कागद महाग होता. म्हणून ते पाटीवर गणित मांडीत, कोपराने पुसून टाकीत आणि पुन्हा मांडीत. अखेरचे सूत्र तेवढे वहीत उतरवून घेत. विचाराच्या वेगाला पाटी सोयीची होती, कारण पुसायला क्षणही लागत नसे. पण पुसलेले कायमचे गेले. त्यांच्या वह्यांत सूत्रे आहेत, त्यांच्या सिद्धता बहुतांशी नाहीत. ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने त्या वह्यांतील विधानांच्या सिद्धता देणारे जे पाच खंड प्रसिद्ध केले, ते १९८५ पासून १९९८ पर्यंत निघत होते.

तिसरा पृष्ठभाग कापडाचा. कुंभकोणमच्या परिसरात मंदिरांच्या रथांसाठी, छतांसाठी आणि तोरणांसाठी कलमकारीचे कापड रंगवण्याची जुनी परंपरा आहे. तिच्यातील करुप्पूर कलमकारीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कलमकारीची कलम म्हणजे टोक काढलेली बांबूची काडी. टोकाच्या थोडे वर लोकरीचा किंवा चिंध्यांचा गोळा दोऱ्याने गुंडाळलेला असतो. हा गोळा रंग पितो आणि बोटांनी दाबला की तो टोकाकडे सोडतो. म्हणजे रेघेची जाडी टोकावर जेवढी अवलंबून, तेवढीच बोटांच्या दाबावर. बारीक रेखांकनासाठी टोकदार कलम घेतात, रंग भरण्यासाठी बोथट. एकाच कलमेने दोन्ही कामे करण्याचा आग्रह कोणी धरत नाही.

आता टॅबलेटकडे वळू. नाव नवे वाटले तरी ‘टॅबलेट’ आणि ‘स्टायलस’ हे दोन्ही शब्द फार जुने आहेत. प्राचीन रोमन लोक लाकडी फळीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार काडीने लिहीत. त्या काडीचे दुसरे टोक चपटे असे. लिहिलेले नको असेल तर त्याने मेण सारखे करीत. टॅबलेटच्या काचेवर रामानुजन यांच्या पाटीसारखे पुसता येते आणि ताडपत्रासारखे जपूनही ठेवता येते. हा तिचा मोठा गुण. परंतु काचेला खाच पाडायची नसते आणि ती शाईही पीत नाही. मग लेखणी कोठे टेकली हे तिला कळते कसे? निवडीचा सारा प्रश्न या एका गोष्टीत आहे.

बहुतेक टॅबलेटच्या काचेखाली विद्युत्‌वाहक तारांचे अत्यंत बारीक जाळे असते. माणसाचे बोट विद्युत्‌वाहक असल्याने ते टेकताच त्या ठिकाणच्या विद्युत्‌भारात बदल होतो आणि यंत्राला जागा समजते. नख टेकवले किंवा प्लॅस्टिकची काडी टेकवली तर काहीच घडत नाही. सर्वांत स्वस्त स्टायलस या बोटाची नक्कल करते. तिच्या टोकाला विद्युत्‌वाहक रबर किंवा धाग्यांचे गुंडाळे असते. बोटाएवढा नसला तरी बराच मोठा स्पर्श काचेला लागतो, म्हणून हे टोक जाड ठेवावे लागते. जाड टोकाखाली अक्षर झाकले जाते. काही प्रकारांत बारीक टोकाभोवती पारदर्शक चकती बसवून ही अडचण कमी केलेली असते. अशी लेखणी जवळजवळ कोणत्याही टॅबलेटवर चालते. सही करणे, आकृती दाखवणे, फॉर्म भरणे यांना ती पुरेशी आहे. दाब मात्र तिला कळत नाही, आणि तळहात काचेवर टेकला तर यंत्र त्यालाही लेखणीच समजते. पानभर टिपणे काढायची असतील तर हात अधांतरी धरून लिहिणे लवकरच असह्य होते.

दुसरा प्रकार टॅबलेटशी संवाद साधणाऱ्या लेखण्यांचा. यांतील काहींना विद्युत्‌घट लागतो, काहींना लागत नाही. जपानमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या वाकॉम या कंपनीच्या रीतीत पृष्ठभागाखालील पट्टी विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि लेखणीतील तारेचे वेटोळे त्यातूनच शक्ती घेते. सॅमसंगच्या २०११ मधील गॅलक्सी नोटबरोबर आलेली एस पेन याच रीतीची. ॲपलने २०१५ मध्ये आणलेली पेन्सिल चार्ज करावी लागते. या लेखण्यांचे टोक बारीक असते. लेखणी कोणती आणि हात कोणता हे यंत्राला कळते, त्यामुळे तळहात निवांत टेकवता येतो. बहुतेकांना दाबही कळतो. परंतु सर्वांना नाही. ॲपलचीच २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी, की या लेखण्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. एस पेन आयपॅडवर निरुपयोगी आहे. ॲपलची एक पेन्सिल ॲपलच्याच दुसऱ्या आयपॅडवर चालेल याचीही खात्री नसते. सर्व कंपन्यांसाठी समान पद्धत असावी म्हणून २०१५ पासून ‘यूएसआय’ या नावाने प्रयत्न सुरू झाले, पण सर्व टॅबलेट ती पद्धत स्वीकारत नाहीत. म्हणून लेखणी पाहण्याआधी आपल्या टॅबलेटचा नेमका मॉडेल क्रमांक पाहावा आणि तो लेखणीच्या खोक्यावरील यादीत आहे की नाही हे तपासावे. दुकानदाराचे “सगळ्यांवर चालते” हे वाक्य फक्त रबरी टोकाच्या लेखणीलाच लागू पडते. टॅबलेट अजून घ्यायचा असेल तर दोन्हींचा विचार एकत्रच करणे शहाणपणाचे.

यानंतर काम पाहावे. अभ्यासाची टिपणे काढणाऱ्याला, गणिते सोडवणाऱ्याला पाटीचे गुण हवे असतात: रेघ हाताबरोबर उमटावी, मागे रेंगाळू नये, पुसणे सोपे असावे, हात टेकता यावा. त्याला दाबाच्या हजारो पातळ्यांचे काही प्रयोजन नाही. चित्रकाराला कलमकारीच्या गोळ्याचे काम करणारी लेखणी लागते. दाब वाढला की रेघ जाड व्हावी, लेखणी कलली की छटा पसरावी. जाहिरातींत ४०९६ किंवा ८१९२ पातळ्या ठळक छापलेल्या असतात. हातांना या दोन आकड्यांतील फरक क्वचितच जाणवतो. अगदी हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते की नाही, हा गुण त्याहून मोलाचा आहे आणि तो खोक्यावर छापलेला नसतो.

सुलेखन करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची गरज आणखी निराळी आहे. बोरूचा जाडबारीकपणा दाबातून येत नाही, तो कापलेल्या टोकाच्या कोनातून येतो. त्यामुळे दाब ओळखणारी महाग लेखणी घेतली म्हणून देवनागरी अक्षर आपोआप वळणदार होणार नाही. रेखाटनाच्या ॲपमध्ये चपट्या टोकाचा ब्रश निवडून त्याचा कोन कायम ठेवावा लागतो. लेखणी बोटांत फिरवली की टोकही फिरावे, अशी सोय फार थोड्या लेखण्यांत आहे. ॲपलच्या २०२४ मधील पेन्सिल प्रोमध्ये ती आहे. नुसत्या सरावासाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही. वेताचा बोरू, शाई आणि रद्दी कागद यांनी हा सराव अधिक चांगला होतो.

काच गुळगुळीत असल्याने लेखणी घसरते. पाटीवर पेन्सिल किंचित अडखळते आणि त्या अडखळण्यामुळेच हात ताब्यात राहतो. काचेवर खरखरीत पारदर्शक पापुद्रा चिकटवला तर तसा अनुभव येतो, पण लेखणीचे टोक लवकर झिजते. सुटी टोके बाजारात मिळतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे. टोक मिळाले नाही तर चांगली लेखणीही फेकून द्यावी लागते. झिजलेल्या टोकाने लिहीत राहिल्यास काचेवर ओरखडे पडू शकतात.

दुकानात लेखणी हाती आली की तळहात काचेवर टेकवून एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे, काना-मात्रा, अनुस्वार आणि शिरोरेघेसह. अनुस्वाराचे टिंब एका हलक्या स्पर्शात उमटते का, ते पाहावे. ताडपत्रावर जे टिंब गळत होते ते येथेही गळू शकते. मग पट्टी धरून एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढावी. भराभर ओढलेली रेघ बहुतेक सर्व लेखण्यांची सरळ येते. सावकाश ओढलेली रेघ नागमोडी झाली तर दोष हाताचा नसून लेखणी आणि पडदा यांच्या जोडीचा आहे, आणि तो दोष सरावाने जात नाही.

शब्दार्थ

पृष्ठभाग – ज्यावर लिहायचे ती वरची बाजू
मुन्सफ – दिवाणी न्यायाधीश
उपपत्ती – कारण सांगणारी मांडणी
सिद्धता – गणितातील विधान खरे ठरवणारी मांडणी
भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशातील वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख
वेटोळे – गुंडाळलेल्या तारेचा वळसा

स्वाध्याय

१. बोरूने लिहिणे आणि एळुत्ताणीने लिहिणे यांतील क्रमाचा फरक स्पष्ट करा.

२. स्वामिनाथ अय्यर यांना पोथ्या वाचताना आलेल्या अडचणींची मोडी वाचनातील अडचणींशी तुलना करा.

३. ‘पाटी विचाराच्या वेगाला सोयीची होती, पण पुसलेले कायमचे गेले.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे लिहा.

४. शिवणवर्गात कपड्यांच्या आकृत्या काढणाऱ्या एका व्यक्तीला स्टायलस घ्यायची आहे. तिने दुकानदाराला विचारावेत असे चार प्रश्न तयार करा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना त्यांनी शाळेत कशाने व कशावर लिहिले ते विचारा. त्यांच्या उत्तराच्या आधारे दहा ओळी लिहा.